चालकाला स्लीप अ‍ॅप्निया निघालाय: गाडी द्यायची का, आरटीओचं काय आणि मशीन केबिनमध्ये कसं चालवायचं?

चाकण_लाईन

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीतून बेंगळुरू-चेन्नई लाईनला आमच्या मल्टिअ‍ॅक्सल गाड्या आहेत. एका चालकाची घरी झोपेची तपासणी करून घेतली. वय 47, वजन 98 किलो, उंची 5 फूट 6 इंच. रिपोर्टवर एएचआय 38, रात्रीतला सर्वात कमी ऑक्सिजन 71 टक्के आणि शेवटी ‘सीव्हिअर ओएसए’ (म्हणजे घसा मिटून झोपेत श्वास थांबण्याचा तीव्र आजार) असं लिहिलंय. डॉक्टरांनी सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं) सांगितलंय. माणूस अनुभवी आहे, दारू पीत नाही. लायसन्सच्या रिन्यूअलला लागणाऱ्या मेडिकलमध्ये तो फिट ठरलेला आहे.

विचारायचं असं की त्याला आत्ता गाडी द्यावी का? हे आरटीओला कळवावं लागतं का? आणि तो महिन्यातले वीस-बावीस दिवस केबिनमध्ये झोपतो, तर मशीन तिथे कसं चालवायचं? जाणकारांनी नीट सांगावं.

निद्रातंत्रज्ञ_डेक्कन

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. उपचार सुरू होऊन त्याचा परिणाम दिसेपर्यंत त्यांना गाडी देऊ नका. लोकल फेरीलाही नको.

आता रिपोर्ट बघू. एएचआय 38 याचा अर्थ तासाला 38 वेळा श्वास किमान 10 सेकंद बंद पडतो किंवा इतका उथळ होतो की रक्तातला ऑक्सिजन उतरतो. दर दीड-दोन मिनिटांनी मेंदू दचकून घसा उघडतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही, म्हणून चालक मनापासून सांगतो की ‘आठ तास गाढ झोपलो’. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30च्या वर तीव्र. त्यांचा आकडा सीमेवरचा नाही.

घरच्या तपासणीत नाकाची नळी, छातीचा पट्टा आणि बोटाचा ऑक्सिमीटर एवढंच असतं, मेंदूच्या लहरी मोजल्या जात नाहीत. त्यामुळे झोपेचा तास आणि नुसतं पडून राहिल्याचा तास यांत फरक करता येत नाही. भागाकार सगळ्या रेकॉर्डिंगच्या वेळेने होतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. रिपोर्टवर आणखी दोन गोष्टी तपासा. रेकॉर्डिंग निदान 4 तासांचं चांगल्या सिग्नलचं आहे का, आणि ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या खाली एकूण किती मिनिटं होता. 71 हा एखाद्या क्षणाचा आकडा असू शकतो, बोट हलल्यामुळे चुकीचाही येतो. पण 90च्या खाली तास-दीड तास गेला असेल तर छातीच्या डॉक्टरांना लवकर दाखवा आणि बीपी, साखर, ईसीजी त्याच फेरीत उरकून घ्या. तीन-तीन गोळ्या खाऊनही बीपी उतरत नसेल तर त्यामागे बऱ्याचदा हाच आजार असतो.

परवाना_आणि_कागद

आरटीओचं सांगतो. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी फॉर्म 1-ए, म्हणजे मेडिकल सर्टिफिकेट, लागतो. तो नोंदणीकृत डॉक्टर देतात आणि रिन्यूअललाही पुन्हा द्यावा लागतो. 2019च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्ट लायसन्स 5 वर्षांचं झालं, आधी 3 होतं. धोकादायक माल वाहणाऱ्यांचं 1 वर्षावरून 3 वर्षांवर गेलं. म्हणजे दोन तपासण्यांमधलं अंतर वाढलं.

या फॉर्मचा भर नजर, लाल-हिरवा ओळखणं, रातांधळेपणा, ऐकू येणं आणि हातापायाचं व्यंग यांवर आहे. झोपेत श्वास थांबतो का, घोरता का, दिवसा डुलकी लागते का, यातलं तो काहीच विचारत नाही. त्यामुळे तुमचा चालक ‘फिट’ ठरला यात डॉक्टरांनी खोटं लिहिलं असं नाही. विचारलंच नाही, तर निघणार कुठून?

मालकाने आरटीओला कळवलंच पाहिजे असं स्लीप अ‍ॅप्नियासाठी वेगळं कलम मोटार वाहन कायद्यात नाही. तरी तीन कलमं लक्षात ठेवा. कलम 16 : आजारामुळे माणूस गाडी चालवायला योग्य नाही असं मानायला सबळ कारण असेल तर लायसन्सिंग अधिकारी नवं मेडिकल मागू शकतात किंवा लायसन्स रद्द करू शकतात. कलम 186 : आपल्या आजारामुळे लोकांना धोका आहे हे माहीत असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. दंड पहिल्यांदा 1,000 आणि पुन्हा केल्यास 2,000 रुपये. आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते कलम 188 : 184, 185 किंवा 186च्या गुन्ह्याला जो साथ देईल त्यालाही तीच शिक्षा.

रक्कम किरकोळ वाटेल. पण ‘माहीत असताना’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तो रिपोर्ट आता तुमच्या हातात आहे. उद्या अपघात होऊन माणूस दगावला तर मालकाला काय माहीत होतं आणि त्याने काय केलं, हेच पहिलं विचारलं जाईल. म्हणून रिपोर्टची तारीख, कामावरून थांबवल्याची तारीख, मशीन सुरू झाल्याची तारीख आणि डॉक्टरांचं ‘वाहन चालवण्यास योग्य’ असं लेखी पत्र हे सगळं एका फायलीत ठेवा. पत्र झोपेच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडूनच घ्या. तोंडी ‘चालेल’ला काही किंमत नाही.

बाहेरचं बघायचं तर युरोपीय संघाने 2014च्या निर्देशात मध्यम आणि तीव्र अ‍ॅप्निया थेट लायसन्सच्या नियमांत घातला. उपचार नीट चालू असल्याचा पुरावा आणि ट्रक-बसवाल्यांची दरवर्षी फेरतपासणी. अमेरिकेत तसा नियम आणायची तयारी 2016 साली सुरू झाली आणि ऑगस्ट 2017मध्ये ती मागे घेतली गेली. आपल्याकडे यायची वाट न बघता युरोपचा वर्षाचा नियम आपल्या कंपनीपुरता लावून घ्यायला कुणाची हरकत नाही.

चोवीस_व्होल्ट

केबिनचं मी सांगतो. गाडी 24 व्होल्टची, म्हणजे 12च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. सगळ्यात जास्त होणारी चूक अशी की मशीन 12 व्होल्टचं असलं की वायरमन दोनांपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढून देतो. ती बॅटरी रोज जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. 24मधून 12 करायचे तर कन्व्हर्टरच लावा.

मशीन 24 व्होल्टचं असलं तरी थेट जोडू नका. इंजिन चालू असताना लाईनवर 28च्या आसपास व्होल्टेज असतं आणि सेल मारताना (इंजिन सुरू करताना) ते दणकन पडतं. ज्या कंपनीचं मशीन आहे त्याच कंपनीचा गाडीत वापरायचा डीसी कन्व्हर्टर मिळतो, तो घ्या आणि वायरला बॅटरीजवळच फ्यूज टाका. इन्व्हर्टर लावायचाच तर प्युअर साइन वेव्ह. स्वस्तातल्यावर मशीनचा अ‍ॅडॉप्टर गुणगुणतो आणि तापतो.

किती वीज लागते? ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) आणि गरम नळी बंद ठेवली तर मध्यम दाबाला साधारण 10 ते 20 वॉट. 8 तासांना 15 वॉटने 120 वॉट-अवर झाले. गाडीच्या बॅटऱ्यांना हे जड नाही. ह्युमिडिफायर चालू केला की हाच खर्च तिप्पट-चौपट होतो. म्हणून केबिनमध्ये तो बंदच ठेवा, घरी वापरा. बॅटऱ्या जुन्या असतील तर 250-300 वॉट-अवरचा वेगळा लिथियम पॅक घ्या. दिवसा गाडी चालताना चार्ज, रात्री मशीन. सकाळी सेल लागणार नाही ही धास्तीच नको.

मशीनसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये कुणीही झोपू नये. सायलेन्सर गळका असला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि मास्क तो गाळत नाही.

मशीन उशीच्या पातळीच्या खाली, सपाट जागी पट्ट्याने बांधून ठेवा. हवा आत घेण्याची जाळी गादीला किंवा पडद्याला टेकली की दाब कमी पडतो. फिल्टरही लवकर काळा होतो. घरी महिनाभर चालणारा फिल्टर ट्रकमध्ये पंधरा दिवसांनी बदला.

चाकण_लाईन

सगळ्यांचे मनापासून आभार. चालकाला थांबवलंय. पण मास्क त्याला अजिबात सहन होत नाही, दोन तासांत काढून ठेवतो. तोंड कोरडं पडतं, नाकावर वळ उठतो. शिवाय बाकीचे चालक आता तपासणीचं नाव काढलं की गप्प होतात. एकाने तर घोरत नाही असं लेखी दिलं! जुनं मशीन स्वस्तात मिळतंय, ते घ्यावं का तेही सांगा.

निद्रातंत्रज्ञ_डेक्कन

त्यांना मोठी मिशी आहे का? असेल तर नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कची रबरी कड वरच्या ओठावर बसत नाही आणि हवा डोळ्यांकडे फुसफुसते. मग माणूस पट्टा आवळत जातो. आवळला की कड चेपून गळती वाढते आणि नाकाच्या दांड्यावर वळ उठतो. पट्टा सैल करा, मशीन चालू करून आडवं झोपवा आणि त्याच स्थितीत, दाब चालू असताना, एकेक बाजू बसवा. उभ्याने बसवलेला मास्क झोपल्यावर हलतोच. मिशी ठेवायचीच असेल तर नाकपुड्यांत बसणारे पिलो मास्क जास्त जमतात.

तोंड कोरडं पडतंय म्हणजे नाकाचा मास्क आणि उघडं तोंड, किंवा नाक चोंदलेलं. नाकाचं हाड वाकडं आहे का, अ‍ॅलर्जी आहे का, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाक मोकळं असल्याशिवाय कुठलाही मास्क टिकत नाही. सर्दीची झोप आणणारी गोळी मात्र मनाने घेऊ नये. घरी ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी घाला, आरओचं नको.

मशीन ऑटो, म्हणजे दाब आपोआप कमी-जास्त करणारं, असेल तर सेटिंग बघा. खूप ठिकाणी कंपनीतून येतं तसं दाबाची मर्यादा 4 ते 20 (सेंमी पाणी) अशी मोकळी सोडून देतात. 4च्या दाबाला धडधाकट माणसाला घुसमटल्यासारखं होतं, आणि मशीन योग्य दाबाला पोचेपर्यंत श्वास पाच-दहा वेळा अडून गेलेला असतो. आठवड्याचा डेटा काढून डॉक्टरांकडून खालची मर्यादा वाढवून घ्या.

गाडीवर परत कधी? महिनाभराचा डेटा बघा. 70 टक्के रात्री किमान 4 तास हा जगभर वापरला जाणारा किमान निकष आहे, पण स्टिअरिंगवरच्या माणसासाठी मला तो अपुरा वाटतो. तो जितकं झोपतो तितका वेळ मास्क हवा. मशीनवर उरलेला एएचआय 5च्या खाली हवा, गळती मर्यादेत हवी (रेसमेड कंपनीच्या मशीनवर मिनिटाला 24 लिटरच्या आत) आणि दिवसाची झोपाळू अवस्था गेलेली हवी. आकडे चांगले येऊनही डुलकी येत असेल तर जागं राहण्याची चाचणी असते. मंद उजेडाच्या खोलीत 40-40 मिनिटं चार वेळा बसवून बघतात. ती झाल्याशिवाय पत्र मागू नका.

आणि हे त्यांना नीट समजवा : मास्क सुटलेल्या रात्री श्वास त्याच रात्री पुन्हा थांबू लागतो. कालपर्यंत मशीन वापरलं याची शिल्लक राहत नाही. मशीन बिघडलं, बॅटरी संपली, तर दुसऱ्या दिवशी गाडी नाही. चहा-तंबाखूने झापड चार घटका लांबते, आजार तसाच राहतो.

फ्लीट_सेफ्टी_भोसरी

चालक गप्प का होतात ते उघड आहे. रिपोर्ट आला की गाडी गेली, गाडी गेली की भत्ता गेला. पहिल्या माणसाचं तुम्ही काय करता हे बाकीचे बघतायत. थांबवलेल्या काळात त्याला यार्डात, लोडिंगच्या देखरेखीला किंवा कागदपत्रांना लावा आणि पगार चालू ठेवा. मशीन कंपनीने घ्यावं, हप्त्याने कापलं तरी चालेल. तो परत त्याच गाडीवर बसलेला दिसला की दुसरे आपणहून येतील. ज्याचा आजार सापडलाय आणि रोजचा डेटा दिसतोय तो चालक, ज्याची तपासणीच झाली नाही त्याच्यापेक्षा कितीतरी भरवशाचा.

लेखी घेऊन उपयोग नाही. नोकरी पणाला लागली की झोपेच्या प्रश्नावलीत सगळे शून्य भरतात. म्हणून मोजता येईल ते मोजा. वार्षिक नेत्रतपासणीच्या टेबलावरच टेप ठेवा : गळ्याचा घेर 40 सेंटिमीटरच्या वर, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 35च्या वर, वय 50च्या वर, बीपीची गोळी. हे चार प्रश्नच न विचारता कळतात, पुरुष असणं हा पाचवा. या आजाराचा धोका जोखणाऱ्या आठ गुणांच्या स्टॉप-बँग पद्धतीत 3 ते 4 मध्यम आणि 5 किंवा त्याहून जास्त म्हणजे मोठा धोका. घोरणं, दिवसाचा थकवा आणि झोपेत श्वास थांबलेला पाहिलाय का, हे उरलेले तीन क्लीनरला, जोडीच्या चालकाला किंवा घरच्यांना विचारा.

शिफ्टही बघा. पहाटे 2 ते 6 ही वेळ निरोगी माणसालाही जड जाते. बेंगळुरूहून परतीची गाडी नेमकी त्या वेळी खंबाटकी उतरून कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाच्या उतारावर येते. तो उतार अपघातांसाठी किती बदनाम आहे हे पुण्यात कुणाला सांगायला नको. ट्रिप अशी लावा की त्या वेळी गाडी खेड शिवापूरच्या अलीकडेच उभी राहील आणि उजाडल्यावर पुढे निघेल. पार्टीला माल दोन-तीन तास उशिरा मिळेल हे भाडं ठरवतानाच सांगा.

निद्रातंत्रज्ञ_डेक्कन

जुन्या मशीनचं राहिलं होतं. फिलिप्सने जून 2021मध्ये पहिल्या पिढीतली ड्रीमस्टेशन आणि आणखी काही मॉडेल जगभरातून परत बोलावली होती. आवाज कमी करायला आत जो फोम असतो तो झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता. तशी मशीन अजून विकायला येतात. मॉडेल आणि सीरियल नंबर तपासल्याशिवाय हात लावू नका. दुसऱ्या कंपनीचं असेल तर एकूण चाललेले तास मेन्यूत दिसतात, ते बघा आणि दाब एकदा मॅनोमीटरवर (दाब मोजायच्या यंत्रावर) मोजून घ्या. मास्क, नळी आणि फिल्टर नवीनच. त्यापेक्षा पहिला महिना मशीन भाड्याने घ्या. कुठला मास्क बसतो आणि किती दाब लागतो ते कळल्यावर विकत घ्या. डेटा कार्डावर किंवा मोबाइलवर मिळत नसेल असं मशीन मात्र कितीही स्वस्त असलं तरी चालकासाठी घेऊ नका.