जोनच्या हाती तलवार की निशाण?

वैशाखी
जोन ऑफ आर्क म्हणजे देवाचे आवाज ऐकू येतात म्हणून पंधराव्या शतकात फ्रेंच सैन्याबरोबर इंग्रजांशी लढायला निघालेली खेड्यातली मुलगी. ल्यूक बेसाँचा तिच्यावरचा १९९९ चा चित्रपट (जोन: मिला योवोविच) युद्धपट म्हणून जोरकस आहे. माझा आक्षेप सुरुवातीलाच आहे. इंग्रज सैनिक तिचं दोम्रेमी गाव जाळतात, लहानग्या जोनला कपाटात लपवून बहीण दाराशी उभी राहते, कपाटाच्या फळीतून तलवार आरपार येते आणि मग प्रेताची विटंबना. यातलं काहीही इतिहासात नाही. दोम्रेमीकरांना धास्ती होती ती इंग्रजांच्या बाजूने असलेल्या बर्गंडीवाल्यांची. जुलै १४२८ मध्ये गावकरी गुरंढोरं घेऊन शेजारच्या नफशातोला पळाले होते. जोनला पहिला आवाज ऐकू आला तो त्याच्या कितीतरी आधी, तेराव्या वर्षी, उन्हाळ्यात भर दुपारी वडिलांच्या बागेत. हे तिने स्वतः पुढे तिच्यावर चाललेल्या धर्मखटल्यात सांगितलंय. श्रद्धा आधी, युद्ध नंतर. बहिणीचा खून घुसडला की देवाचं बोलावणं बाजूला पडतं आणि उरतो तो नुसता सूड.

काजळी
असहमत. चित्रपटातही दृष्टान्त आधी आहेत, हल्ला नंतर. ती दिवसातून अनेकदा पापनिवेदनाला जाते, धर्मगुरू वैतागतो, हे आगीच्या आधीचं. शिवाय शेवटी डस्टिन हॉफमनचं 'सद्सद्विवेक' हे पात्र कोठडीत तिला विचारतं की शेतात सापडलेली तलवार देवानेच ठेवली कशावरून? तिथे पोचायला तलवारीला कितीतरी साधे मार्ग होते. म्हणजे दिग्दर्शक स्वतःच शंका उपस्थित करतो. संत म्हणून मखरात बसवलेल्या जोनपेक्षा ही जोन मला जास्त जिवंत वाटते. आणि शंका घेणं काही विसाव्या शतकाचं खूळ नाही. १४२९ मध्ये पोआतिए शहरात धर्मपंडितांनी तिची सुमारे तीन आठवडे उलटतपासणी घेतली, त्यानंतरच तिला सैन्याबरोबर पाठवलं.

तोफखाना
तलवारीचा विषय निघालाच आहे तर मूळ हकिकत बघा. तलवार शेतात सापडली नव्हती. जोनने तूर शहरातून निरोप धाडला की सेंत कातरीन द फिएरब्वाच्या चर्चमध्ये वेदीजवळ जमिनीत तलवार आहे. खणल्यावर गंजलेली, पाच क्रूस कोरलेली तलवार निघाली. पण खरा मुद्दा पुढचा. खटल्यात तिला विचारलं, तलवार जास्त प्रिय की निशाण? ती म्हणाली, निशाण चाळीस पटींनी. आणि हल्ल्याच्या वेळी ते स्वतः धरायचं कारण काय, तर कोणाला मारावं लागू नये. त्या वेळी हिशेबात चिलखताला १०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) लागले आणि एक मोठं व एक लहान निशाण रंगवायला, साहित्यासकट, २५. कापड आणि रंगकामासाठी ही रक्कम मोठी आहे.

७ मे १४२९ चा दिवस घ्या. इंग्रजांनी वेढलेल्या ऑर्लेआँ शहराच्या पुलाच्या दक्षिण टोकाला इंग्रजांच्या ताब्यातले तूरेलचे बुरूज, त्यांच्यापुढे खंदक आणि मातीचा दमदमा. सकाळपासून शिड्या लावल्या, त्या ढकलल्या गेल्या. जोनला मान आणि खांद्याच्या मधे बाण लागला. ऑलिव्हचं तेल आणि चरबी लावून ती परत उभी राहिली. संध्याकाळी आठच्या सुमारास फ्रेंच सेनापती द्यूनवा माघार घेणार होता. ती म्हणाली, थोडं थांबा, आणि एकटी द्राक्षमळ्यात जाऊन सात-आठ मिनिटं प्रार्थना करून आली. दरम्यान तिचं निशाण एका बास्क सैनिकाच्या हाती गेलेलं. तो खंदकात उतरत होता. परक्याच्या हातात आपलं निशाण पाहून तिने त्याचं टोक पकडून ओढलं. ते जोरात हललं, ती खूण समजून सगळं सैन्य एकदम दमदम्यावर तुटून पडलं. इंग्रज मागे पळाले तो लाकडी पूल फ्रेंचांनी खाली पेटती होडी लावून जाळत आणला होता. तो कोसळला आणि त्यांचा सरदार ग्लासडेल लोआर नदीत पडला. वीस-पंचवीस किलोंचं पोलादी चिलखत अंगावर असताना पोहणार कसं?

एका कापडाच्या ओढाताणीने लढाई फिरली. याहून चांगली पटकथा कुठे मिळणार?

काजळी
हा प्रसंग जबरदस्त आहे, मान्य. पण लढाई संपल्यावर ती प्रेतांच्या खचात उभी राहून हादरते, ते दृश्य कसं विसरता? पाताईच्या लढाईत डोक्यावर घाव बसलेला इंग्रज कैदी मरत होता, तेव्हा तिने घोड्यावरून उतरून त्याचं डोकं हातांनी सावरलं आणि त्याला पापनिवेदन करायला लावलं, अशी तिच्या सेवक पोराची साक्ष आहे. चित्रपटाने तो भाव नेमका पकडलाय.

वैशाखी
भाव पकडलाय, पण त्याचा अर्थ उलटा लावलाय. चित्रपटात हे पाहून तिचा स्वतःवरचा विश्वास ढासळतो. खटल्याच्या नोंदीत तसं दिसत नाही. 'तुझ्यावर देवाची कृपा आहे का?' हा सापळा होता. हो म्हटलं तर पाखंड, नाही म्हटलं तर कबुली. तिचं उत्तर: 'नसेल तर देव मला तिथे नेवो, असेल तर तिथेच ठेवो.' वय एकोणीसच्या आसपास, समोर पारीच्या विद्यापीठाचे पंडित. शेवटी हीच मुलगी हॉफमनपुढे निरुत्तर होते?

तोफखाना
खटल्यात आपल्या दाव्यांवरून तिने शपथेवर घेतलेल्या माघारीचंही तसंच. २४ मे १४३१ ला तिला वाचून दाखवलेला कागद साताठ ओळींचा होता, असं साक्षीदारांनी पुढे सांगितलं. खटल्याच्या कागदपत्रांत मात्र तोच मजकूर लांबलचक आहे. चारच दिवसांत तिने सोडायचा कबूल केलेला पुरुषी वेष पुन्हा घातला आणि ३० मेला तिला रुआँ शहरात जाळलं गेलं.

वैशाखी
आणि तो वेष का? आरोपपत्रात त्याचं वर्णन आहे: विजार वरच्या अंगरख्याला वीस बंदांनी आवळून बांधलेली. धर्मखटल्यात बाईला चर्चच्या तुरुंगात, बायकांच्या पहाऱ्यात ठेवायला हवं होतं. खटला चालवणाऱ्या कोशाँ बिशपने तिला किल्ल्यात, इंग्रज शिपायांच्या पहाऱ्यात ठेवलं. रात्री ते अंगावर येतील म्हणून हे वीस बंद. इंग्रज सैनिकांचं भय दाखवायचंच होतं तर ते इथे होतं, दप्तरात नोंदलेलं. कॅमेरा त्या बंदांवर थांबला असता तर दोम्रेमीत बहिणीचा खून रचावा लागला नसता.