मानसशास्त्राच्या लघुप्रबंधाला वसतिगृहातला नमुना पुरतो का?

तापीकाठ :
खान्देशातल्या महाविद्यालयांतले एम.ए. मानसशास्त्राचे लघुप्रबंध मी काही वर्षांपासून वाचत आहे. शंभर जणांचा नमुना, पन्नास मुले, पन्नास मुली, दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी एक 'टी' चाचणी, आणि शीर्षकात 'ग्रामीण युवक'. प्रत्यक्षात मात्र हे शंभर जण एकाच वसतिगृहाच्या दोन मजल्यांवर राहणारे असतात. हेन्रिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी २०१० साली हेच दाखवले होते, की मानसशास्त्र मानवी स्वभावाविषयी जे ठामपणे सांगते, ते बहुतांशी पाश्चात्त्य, शिकलेल्या आणि सधन समाजातल्या लोकांवरून, त्यातही पुष्कळदा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरून काढलेले असते. ही टीका आपले विद्यार्थी उत्तरपत्रिकेत व्यवस्थित लिहितात आणि प्रबंधात तीच चूक करतात. निम्मा नमुना तरी विद्यापीठाबाहेरचा असावा आणि प्रश्न अहिराणीतून विचारावेत, असे माझे मत आहे.

सातपुडा :
मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मला हे मत मान्य नाही. माहिती गोळा करायला मिळतात ते दिवस दिवाळीच्या आगेमागचे, म्हणजे ऐन कापूस वेचणीचे. चोपडा तालुक्यातल्या एका शेताच्या बांधावर मी एका मावशींना विधान वाचून दाखवले : 'मला बहुतेक वेळा उदास वाटते.' पर्याय पाच, 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत. त्या कमरेच्या ओटीत कापूस भरत म्हणाल्या, "माले काहीच गोड लागस नही." मी पुन्हा पर्याय वाचले, तेव्हा "तुले जे पटी ते लिख" असे सांगून त्या पुढच्या ओळीला लागल्या. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. माझा प्रत्येक प्रश्न त्यांच्या पदराला खार लावणारा होता. शिवाय प्रमाणित चाचणीचे विधान मी तोंडी अहिराणीत सांगितले, तर तिची मानके, म्हणजे गुण ज्यांच्याशी ताडून पाहायचे ते ठरलेले आकडे, लागू राहत नाहीत, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

तापीकाठ :
मानकांचा मुद्दा खरा आहे. पण मग चाचणीच इथे पुरती बसत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही का? बेक यांची २१ बाबींची नैराश्य मापनसूची १९६१ साली प्रसिद्ध झाली, तीही रुग्ण स्वतःविषयी जे बोलत त्यावरून तयार केलेली. 'काहीच गोड लागत नाही' हे त्याच जातीचे बोलणे आहे, आणि आपल्या पाच रकान्यांत त्याला जागा नाही. ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली उलट भाषांतराची पद्धत आपण शिकवतो : एकाने अहिराणीत करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणायचे, आणि दोन्ही ताडून पाहायची. दहा विधानांपुरती ती एका सत्रात सहज होते.

भरीतभाकरी :
भाषेच्या आधी संमतीचे पाहावे. वर्गात सरांनी प्रश्नावल्या वाटल्यावर कोण नाही म्हणणार? खाणावळीत माझ्यासमोर एका मित्राने वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात खुणा केल्या, उलट्या अर्थाची विधानेही त्याच ओघात निकालात काढली, आणि भाजी गार होण्याआधी कागद परत दिला. तो कागद पुढे विश्लेषणात गेला. मात्र गावात हे संपते, असे तापीकाठ यांना वाटत असेल तर तो गैरसमज आहे. यादी आणि पेन हातात घेऊन दारात कोणी उभे राहिले, की लोकांना अनुदानाचा अर्ज वाटतो. मग ते आपली अडचण वाढवून सांगतात, किंवा सातबारा आणायला आत जातात. ही संमती वर्गातल्या संमतीपेक्षा मोकळी कशी म्हणायची?

सातपुडा :
सातबाऱ्याचा अनुभव मलाही आला आहे. निम्म्या नमुन्याची सक्ती मला अजूनही नको वाटते, कारण शेवटची एसटी चुकली तर मुलींनी मुक्काम कुठे करायचा, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. उलट भाषांतर मात्र मी दहा विधानांचे करून पाहणार आहे. माझी आजी अमळनेरची आहे, पहिले भाषांतर तिच्याकडूनच तपासून घेईन. 'ग्रामीण युवक' हे शब्द काढून 'वसतिगृहातील विद्यार्थी' असे लिहावे, म्हणून मी मार्गदर्शकांकडे गेले होते. शीर्षकाची नोंदणी झाली आहे, आता बदल होणार नाही, असे त्यांनी सांगितले.

तापीकाठ :
मग मर्यादांच्या प्रकरणात ते पहिल्याच वाक्यात लिहा, आणि मावशींचे उत्तर तिथे जसेच्या तसे द्या.