ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर, भाषा : मत नको, काय घडलं ते सांगा (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. विंडोज बरं की लिनक्स यावर आपल्याकडे भांडणं भरपूर होतात, नि भांडणारे बहुतेक माझ्यासारखे दिवसभर कोड लिहिणारे, ज्यांना कुठलंही मशीन दिलं तरी फरक पडत नाही. म्हणून हा धागा. दुकानात, ऑफिसात, कारखान्यात, कॉलेजात तुमच्याकडे प्रत्यक्ष काय झालं ते लिहा.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे नंतर कोणी लपवलं म्हणायला नको. नाशिकच्या इंदिरानगरला राहतो, घरूनच काम, पोटापाण्याचे सर्व्हर सगळे लिनक्स म्हणून घरी पण लिनक्स. पण ओळखीपाळखीत ज्यांची मशीनं बघून देतो त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते की गाडं ऑपरेटिंग सिस्टिमवर अडतच नाही, ते एखाद्या भलत्याच गोष्टीवर अडतं. टॅली. प्रिंटरचा ड्रायव्हर. डिजिटल सहीचा टोकन (यूएसबीला लावायची सहीची कांडी). लग्नपत्रिकेचा फॉन्ट. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून हे जास्तच जाणवायला लागलंय, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं नि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे धडधाकट चालणारी कितीतरी मशीनं एका झटक्यात जुनी ठरली. लिनक्स टाका म्हणणं सोपं आहे. टाकल्यावर सोमवारी सकाळी फोन कोणाला येतो ते विचारा.

भाषांबद्दलही चालेल. (प्रोग्रामिंगच्या हो. शुद्धलेखनावर इथे नको.)

सातपूरकर
आमच्या शेडमध्ये दोन जुन्या सीएनसी (प्रोग्रामवर चालणाऱ्या कटाईच्या मशीन) आहेत, प्रोग्राम आत पाठवायचा तो आरएस-२३२ म्हणजे जुन्या सीरियल केबलने, आणि त्याच्यासाठी एक विंडोज एक्सपीवाला पीसी, कूलंटने कीबोर्ड काळा पडलेला पण चालतोय. येणारा प्रत्येक कॉम्प्युटरवाला पोरगा म्हणतो शेठ हे आधी बदला, एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच गेला. अरे गेला ना, पण तो नेटला जोडलाच नाहीये, त्याच्यात काय शिरणार? शिरायचं ते पेनड्राइव्हमधून शिरायचं. डिझाइनवाला बाहेरून प्रोग्राम आणायचा नि त्याच्याबरोबर तो शॉर्टकटवाला व्हायरस, सगळे फोल्डर गायब नि त्यांच्या नावाचे शॉर्टकट. मग पुतण्याने भंगारातल्या एका लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलं. आता गेटवरच नियम आहे, पेनड्राइव्ह आधी त्यात लावायचा, हिडन केलेले फोल्डर तिथे सरळ उघडे दिसतात, शॉर्टकट उडवायचे, फक्त प्रोग्रामची फाईल घ्यायची नि आमच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर टाकून पुढे. पोरांना लिनक्स कशाशी खातात माहीत नाही, ते त्याला 'चाळणी' म्हणतात.

तो एक्सपी पण लिनक्सवर न्यायचा प्रयोग झाला बरं का. पुतण्या म्हणाला सीरियल पोर्ट लिनक्समध्ये नुसती एक फाईल असते, त्यात लिहिलं की गेलं. गेलं खरं, पण बॉड रेट नि पॅरिटी (पाठवायचा वेग नि तपासणीची सेटिंग) जुळेपर्यंत कंट्रोलरवर नुसता कचरा उमटत होता, नि तेवढ्यात ऑपरेटर म्हणाला शेठ, जॉब द्यायचाय संध्याकाळी. संपला प्रयोग.

धागाकर्ता
चाळणी एक नंबर. नेटपासून तोडलेला एक्सपी हा नेटला जोडलेल्या पण अपडेट न केलेल्या विंडोज सेव्हनपेक्षा बरा, हे माझं जुनं मत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तेव्हा बोंब एक्सपीच्या नावाने झाली, पण सापडली ती जास्त करून सेव्हनची मशीनं, आणि तो ज्या भोकातून शिरला त्याचा पॅच (दुरुस्ती) मार्चमध्येच येऊन पडलेला होता. दोन महिने लोकांनी 'नंतर आठवण करा' दाबलं.

कॅनडाकॉर्नर
मी सीएच्या ऑफिसात आहे. आमच्या नशिबी ब्राउझर नाही, आमच्या नशिबी टोकन. पूर्वी डिजिटल सही करायला इंटरनेट एक्सप्लोररच लागायचा आणि त्यात जावाचं एक ठरावीक व्हर्जन. जावाने अपडेट विचारलं की नाही म्हणायचं असा सरांचा सक्त हुकूम, मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवलेली होती, "जावा अपडेट करू नये". मग क्रोमने २०१५ मध्ये जावासारखे ब्राउझरला जोडायचे प्लगिन बंद केले, फायरफॉक्सनेही २०१७ मध्ये केले, तरी आम्ही एक्सप्लोरर धरून बसलो, तोही २०२२ मध्ये मिटला. आता एक छोटं सॉफ्टवेअर मशीनवर टाकायचं, ते आतल्या आत चालतं नि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. पण ते सुरू करताना ब्राउझर लाल वॉर्निंग देतो की हे कनेक्शन सुरक्षित नाही, आणि एका पोर्टलच्या मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलंय की ॲडव्हान्स्डवर क्लिक करून पुढे जा! मला सांगा, महिन्याच्या २० तारखेला हे करणारी मुलगी २१ तारखेला बँकेच्या खोट्या साइटवर तसलीच वॉर्निंग आली तर थांबेल का?

धागाकर्ता
नाही थांबणार, आणि तिला दोष देता येणार नाही. ब्राउझरवाल्यांनी वर्षानुवर्षं ती वॉर्निंग भीतीदायक करत नेली नि आपण सरकारी कामासाठी लोकांना ती ओलांडायचं ट्रेनिंग दिलं. माझ्या हिशोबाने यातला धोका कुठल्याही व्हायरसपेक्षा मोठा.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसायचं त्या कुलुपाचंही तसंच. "हिरवं कुलूप बघा मग पैसे भरा" हे अजून लोकं सांगतात. कुलूप एवढंच सांगायचं की मधल्या कोणाला वाचता येत नाहीये, समोरचा चोर आहे की साव ते नाही. त्या कुलुपासाठी साइटला लागणारं सर्टिफिकेट २०१५ पासून फुकट मिळतं, चोरालाही. म्हणून तर क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकलं.

कॉलेजरोड झेरॉक्स
आमचा अनुभव ऐका. ॲडमिशनच्या दिवसात मुलं येतात, फॉर्म भरतात, मेल उघडतात नि तसंच उघडं टाकून पळतात. एकदा तर एका पोराने पासवर्ड सेव्ह करू का ला हो म्हणलं नि मागून आलेल्याला त्याचं खातं आपोआप उघडलं. आता मी क्रोमची गेस्ट विंडो लावून ठेवतो, खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. फक्त डाउनलोड केलेली फाईल राहते हां, आधार-बिधार, ती मी रोज रात्री रिकामी करतो.

दुसरा त्रास नोटिफिकेशनचा. कोपऱ्यात सारखं यायचं, "तुमच्या संगणकात ५ व्हायरस", खाली लाल बटण. गिऱ्हाईक घाबरायचं, मी पण आधी फॉरमॅट मारायच्या बेतात होतो. व्हायरस नव्हताच, कुठल्यातरी रिझल्टच्या साइटवर कोणीतरी अलाऊ दाबलेलं. सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट उडवली, खलास. फॉरमॅटचे पैसे घेणारे आपल्या गावात किती असतील याचा विचार करतोय.

गोदाकाठ
मॅक घ्या, सुखी व्हा.

सातपूरकर
@गोदाकाठ पैसे तुम्ही भरा, लगेच घेतो.

प्रॅक्टिकलच्या मॅडम
भाषांबद्दल लिहू का? मी पहिल्या-दुसऱ्या वर्षाला सी शिकवते. निळा पडदा, टर्बो सी (डॉसच्या काळातला सी लिहायचा प्रोग्राम), आता तो डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालवतो. सगळे हसतात त्याला, मीही हसते, पण एक गंमत सांगते. फॅक्टोरियलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार) प्रोग्राम असतो. ७ चं उत्तर ५०४० येतं, बरोबर. ८ दिला की येतं उणे २५२१६. मुलं गोंधळतात, घरी मोबाईलच्या ॲपवर तोच प्रोग्राम ४०३२० देतो. मग फळ्यावर काढून दाखवायचं, की इथे इंट (पूर्णांक ठेवायची जागा) १६ बिटाचा, ३२७६७ च्या पुढे गेला की उलटा फिरतो, तिकडे ३२ बिटाचा आहे म्हणून १२ पर्यंत टिकतो आणि १३ ला तोही फसतो. हा तास मुलांच्या लक्षात राहतो. मशीनला मर्यादा असते हे पायथनमध्ये दाखवता येत नाही, तिथे आकडा हवा तेवढा वाढतो.

पण क्लिअर स्क्रीन, गेट-कॅरॅक्टर नि व्हॉइड मेन या टर्बो सीच्या सवयींत जन्म घातलेली मुलं नोकरीच्या टेस्टला बसतात, तिथे असतो जीसीसी (आजचा सी कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम), आणि पहिल्याच ओळीला "कोनिओ डॉट एच सापडत नाही". रडकुंडीला येतात. आणखी एक म्हणजे टाइप केलेलं वाचणारं 'गेट्स' फंक्शन. २० अक्षरांची जागा ठेवायची नि समोरचा किती टाइप करेल ते बघायचंच नाही. १९८८ चा मॉरिस वर्म (इंटरनेटवर आपोआप पसरलेला प्रोग्राम) ज्या वाटांनी घुसला त्यातली एक हीच, २०११ च्या सी स्टँडर्डमधून ते काढलं. जर्नलमध्ये अजून आहे. मी वर्गात सांगते वापरू नका, परीक्षेला बाहेरचे एक्झामिनर येतात ते विचारतात गेट्स का नाही वापरलं.

पाथर्डीफाटा
मॅडम, नमस्कार घ्या. मी मीटरचं फर्मवेअर (मीटरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लिहितो, सी आणि थोडं सी प्लस प्लस. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की ते दुरुस्त करतात त्या सिक्युरिटीच्या भोकांपैकी साधारण ७०% मेमरीच्या चुकांची (ठरलेल्या जागेबाहेर लिहिणं-वाचणं वगैरे) असतात, पुढच्या वर्षी क्रोमवाल्यांनीही गंभीर बगबद्दल तोच आकडा दिला. म्हणजे जिथे चांगल्यातले चांगले सी प्लस प्लसवाले बसलेत तिथे ही गत. म्हणून मी रस्ट शिकलो, ही भाषा असल्या चुका आधीच अडवते. कंपायलर अक्षरशः भांडतो, ही व्हेरिएबल तू आधीच देऊन टाकलीस आता परत कशी वापरतोस, वगैरे. पहिले काही आठवडे डोकं उठलं. नंतर कळलं की हा जे आता बोलतोय तेच मी पूर्वी गिऱ्हाइकाकडे मीटर बंद पडल्यावर ऐकायचो.

तरी कंपनीत रस्ट आणलं का, तर नाही. साहेबांचा प्रश्न सरळ होता, तू सोडून गेलास तर नाशकात हे कोण सांभाळणार? लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) रस्ट २०२२ च्या डिसेंबरात शिरलं हे सांगून त्यांना फरक पडत नाही. आणि खरं सांगू, त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

धागाकर्ता
इथे मी थोडा वेगळा. जुनं सी फाडून रस्टमध्ये लिहू नका, पण बाहेरून येणारा डेटा जिथे वाचला जातो तो नवा तुकडा तरी सीमध्ये लिहू नका. भाषा निवडताना 'फास्ट किती' हा प्रश्न लोकं पहिला विचारतात, मी तो शेवटी विचारतो.

पिंपळगाव_बसवंत
व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करतो, कांदा, द्राक्ष. शेतकऱ्याला मराठीत एसएमएस जातो, आणि मराठी म्हणलं की १६० अक्षरांची मर्यादा ७० वर येते, त्यापुढे दोन मेसेजचे पैसे. मग कोणीतरी कोडमध्ये ७० वर कात्री लावली. आता 'द्राक्ष' दिसायला अक्षरं दोन, पण कॉम्प्युटर मोजतो सात, द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष. कात्री नेमकी सहावर पडली की शेतकऱ्याला जातं 'द्राक्'. एका आजोबांनी फोन करून विचारलं, ही कुठली नवीन जात?

इंटरव्ह्यूला मी मुलांना हेच देतो, 'नाशिक' उलटं करून दाखव. पायथनच्या एका ओळीत होतं, नि येतं 'किशान'. बरीच मुलं खूश होऊन बसतात. जो म्हणतो अहो 'कशिना' यायला पाहिजे ना, त्याला घेतो. स्विफ्ट भाषेत 'नाशिक'ची लांबी ३ येते, बाकी बऱ्याच ठिकाणी ५, काही ठिकाणी बाइट मोजतात तिथे १५. जावा भारी की पायथन यावर भांडणाऱ्यांनी आपापल्या भाषेत एवढं करून बघावं.

मेनरोड_डीटीपी
पत्रिका छापतो. सगळी जुनी कामं जुन्या फॉन्टमध्ये, तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा नुसता भाजीपाला दिसतो. कोरलड्रॉ लिनक्सवर नाही. विषय संपला.

दिंडोरीवाला
वाचतोय सगळं. माझं सरळ विचारतो. चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, विंडोज १०. टॅली, बँक, नि मुलीचं कॉलेज सगळं त्याच्यावर. काय करू?

धागाकर्ता
दिंडोरीवाले, ११ त्यावर रीतसर बसणार नाही, आडमार्गाने बसवून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. टॅलीला विंडोज लागतंच, तर तूर्त १० राहू द्या आणि सेटिंगमध्ये वाढीव सिक्युरिटी अपडेटला नाव नोंदवा, ते घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. रॅम ८ करा नि हार्डडिस्क असेल तर एसएसडी बसवा. ४ जीबीत क्रोम गुदमरणारच, २०१८ पासून तो वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडतो, म्हणजे एका टॅबमधली भामटी साइट दुसऱ्यातली बँक वाचू शकत नाही. ती रॅम वाया जात नाहीये. बँकेसाठी वेगळी प्रोफाइल करा, तिच्यात एकही एक्स्टेन्शन नको, "सर्व साइटवरचा डेटा वाचणे व बदलणे" अशी परवानगी मागणारं तर नकोच नको. मुलीला दुसरं जुनं मशीन मिळालं तर त्यावर लिनक्स टाकून द्या, तिचं काम ब्राउझर नि पायथनवर भागेल. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या नि तो काढून कपाटात ठेवा, मशीनलाच लावून ठेवू नका.

दिंडोरीवाला
बॅकअप त्याच डी ड्राइव्हमध्ये आहे सध्या. आज काढतो.