चर्चा: फुप्फुसातली हवा थांबेना, म्हणजे ऑपरेशनच का?

धुळेकरीण: चोपडेकर, तुम्ही लिहिलंय की फुप्फुसाला भोक पडून छातीत साठलेली हवा काढायला नळी टाकून पाच दिवस झाले, तरी नळीच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येत असतील, म्हणजे हवा गळतच असेल, तर ऑपरेशनच, बाकी सगळा वेळकाढूपणा. वाचून डोकं फिरलं. माझ्या सासऱ्यांना भूल द्यायलाच डॉक्टर तयार नव्हते. जुना टीबी, वर बिडी. त्यांच्याच हातातून शंभर मिली रक्त काढलं आणि गोठायच्या आत नळीतून छातीत सोडलं. नळीला चिमटा लावला नाही. ती सलाइनच्या स्टँडवरून उंच वळवली, म्हणजे रक्त आत राहतं, हवा बाहेर पडते. गुठळी भोक बुजवते. दुसऱ्या दिवशी "खोकून दाखवा बाबा" म्हणत सगळा वॉर्ड बाटलीकडे बघत होता. एक बुडबुडा नाही! 1987 पासूनचा उपाय आहे हा.

चोपडेकर: सासरे बरे झाले, आनंद आहे. पण एका म्हाताऱ्यावरून जिल्ह्याला शहाणपण शिकवू नका. माझा भाचा विशीतला, उंच, किडकिडीत. फुप्फुसाच्या टोकाला फुगे. नळीवर भागवलं, घरी आला आणि पुन्हा तेच. ऑपरेशनमध्ये फुगेच काढतात. तुमच्या रक्ताने फुगे जातात का? आणि त्या रक्तात जंतू शिरून पू झाला तर?

भुसावळचा भो: ऑपरेशन करायचं कुठे ते सांगा ना भो. नाशिक नाहीतर मुंबई. आमच्या काकांना नेताना "सांडेल" म्हणून कोणी नळीला चिमटा लावून दिला. पारोळ्याच्या आत काका निळे पडले. गळती चालू असताना चिमटा लावतात का? हवा आत कोंडून हृदय दाबते!

यावलवाला: आमच्याकडे तर बाटली स्ट्रेचरवर पेशंटच्या पोटावर ठेवली होती. पाणी उलटं छातीत जाईल ना! बाटली कायम छातीच्या खाली हवी.

चोपडेकर: विषय ऑपरेशनचा आहे, अँब्युलन्सचा नाही.

भुसावळचा भो: आमचा माणूस ढाब्यापाशी मरू राहिला होता. तुम्ही बसा विषय सांभाळत.

धुळेकरीण: म्हणून तर म्हणते, जवळपास जे होऊ शकतं ते आधी करून बघा. रक्त, फुप्फुस छातीला आतून चिकटवणारी टाल्कची पूड, नाहीतर नळीला हवा फक्त बाहेर सोडणारा एकेरी व्हॉल्व्ह लावून घरी. श्वासनलिकेच्या फांदीत दुर्बिणीने झडपही बसवतात, पण खर्च ऐकून आमचाच श्वास अडकला.

चोपडेकर: बरं बाई. म्हातारा, टीबी, भूल झेपत नाही, तर द्या रक्त. पोरांचं मात्र ऑपरेशनच. बिडी तरी सुटली का सासऱ्यांची?

धुळेकरीण: गोठ्यामागे जाऊन ओढतात. विचारलं की म्हणतात, शेकोटीचा धूर आहे.