मदत हवी आहे : जपानीत बरोबरीच्या सहकारी मुलीशी 'देसु' (वाक्याच्या शेवटी येणारा अदबीचा 'आहे') कधी सोडायचं?

ओसाकातल्या ऑफिसात नुकतीच रुजू झालेय, जपानी जेमतेम एन-५ (जपानी भाषा परीक्षेची सगळ्यात खालची) पातळीचं. साहेबांशी अडत नाही: सकाळी 'ओहायो गोझाइमासु' (सुप्रभात), नंतर दिवसभर 'ओत्सुकारेसामा देसु' (कामाच्या ठिकाणचं अभिवादन). अडतंय शेजारच्या टेबलावरच्या मुलीशी. माझ्याच वयाची, माझ्याबरोबरच लागलेली. ती नुसतं 'ओहायो', 'सामुइ ने' (थंडी आहे ना) म्हणते. माझ्या तोंडून 'सामुइ देसु ने' येतं आणि ते फार परकं वाटतं. 'आमे दा ने' (पाऊस आहे ना; 'दा' म्हणजे 'देसु'चं साधं रूप) चालतं, 'सामुइ'ला मात्र 'दा' लागत नाही, एवढं व्याकरण पक्कं केलंय. सेन्सेईंना (जपानीच्या शिक्षकांना) विचारलं, ते म्हणाले 'देसु'च ठेव. पण मला ही मैत्री मनापासून हवी आहे. इकडे नोकरी केलेल्यांनी सांगा: ती साधं बोलतेय म्हणजे मीही बोलायला हरकत नाही, की आधी विचारायचं? आणि साहेब जवळ असले की तिच्याशीही 'देसु'वर यायचं का?