क्रिकेटवेड्या गावात फुटबॉल कसा रुजवावा?

क्रीडाशिक्षक_सोलापूर
मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवतो. दिवाळी सरली की गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा लागतात, रोख बक्षिसे जाहीर होतात आणि उरलेली मुले कबड्डीकडे वळतात. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा आमची मुलेही महिनाभर फुटबॉल खेळली. पुढे पंपाची सुई हरवली, नवी आणायचे माझ्याकडूनच राहून गेले आणि ते चेंडू आजही साहित्याच्या खोलीत चपटे होऊन पडले आहेत. एखाद्या नामवंत खेळाडूला बोलवावे, असे संस्थाचालकांचे म्हणणे आहे. त्याने काही साधेल का?

पेठेतला_बॅक
सर, पाहुणा येईल, मुले सेल्फी काढतील आणि दुसऱ्या दिवशी बॅट घेऊन मैदानात उतरतील. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे कुस्ती आहे, क्रिकेटही भरपूर आहे, तरीही मोठ्या सामन्याला शाहू स्टेडियम भरते, कारण पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हे संघ तालमींचे, म्हणजे पर्यायाने पेठांचे आहेत. ज्याला ऑफसाइड कळत नाही तोही आपल्या तालमीसाठी येतो आणि गॅलरीत शेजारच्यांच्या शिव्या ऐकत ऐकत त्याला ऑफसाइड कळू लागते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमची केएसए, लीग भरवते, त्यामुळे हंगामाची वाट पाहण्याची सवय मुलांना लहानपणीच लागते. आमचा अनिकेत जाधव तुम्ही म्हणता तो विश्वचषक भारताकडून खेळला. पण तो घडण्याच्या कितीतरी आधीपासून हे वेड इथे आहे. ईर्षा कधीकधी हाणामारीवर जाते, हेही लपवत नाही.

ओहायोकर
अमेरिकेत १९९४ चा विश्वचषक झाला आणि १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर (इथे आपल्या फुटबॉलला सॉकर म्हणतात) ही व्यावसायिक लीग १० संघांनिशी सुरू झाली. इथल्या प्रेक्षकाला बरोबरी रुचत नाही, असे गृहीत धरून सामना बरोबरीत सुटल्यास खेळाडूने ३५ यार्डांवरून चेंडू नेत गोलरक्षकाला चकवायचे, असा नियम केला होता आणि घड्याळही उलटे, म्हणजे शून्याकडे, चालवले जाई. फुटबॉल ज्यांना आधीपासून आवडत होता त्यांनाच हा प्रकार खटकला, आणि १९९९ च्या हंगामानंतर दोन्ही गोष्टी बंद झाल्या. आमच्या कोलंबसचा संघ आधी अमेरिकन फुटबॉलच्या अवाढव्य स्टेडियममध्ये खेळे आणि हजारो लोक येऊनही ते रिकामे दिसे. १९९९ मध्ये केवळ सॉकरसाठी लहान स्टेडियम बांधल्यावर तितक्याच लोकांचा आवाज घुमू लागला. तुम्हीही मोठे मैदान मागू नका, सर. चुन्याची फक्की मारून लहान मैदान आखा, म्हणजे कडेला ५० माणसे उभी राहिली तरी गर्दी वाटेल.

कडेचा_प्रेक्षक
वरचे सर्व मान्य, पण क्रिकेटशी थेट टक्कर घेतलीत तर रोख बक्षिसांपुढे तुमचा टिकाव लागणार नाही. मुंबईत शालेय फुटबॉल भर पावसात, गुडघाभर चिखल उडवत चालतो, कारण त्या दिवसांत खेळपट्टी कोणाच्याच उपयोगाची नसते. जून ते सप्टेंबर हा काळ धरा.

क्रीडाशिक्षक_सोलापूर
आमच्याकडे चिखलापुरता पाऊस पडला तर आधी पेरणीचाच आनंद! तरी त्या महिन्यांत मैदान मोकळे असते, हे खरे. पेठा नाहीत, पण वाड्यावस्त्या आहेत आणि त्यांच्यात चुरसही आहे. चार वस्त्यांचे सात-सात जणांचे संघ करून दर रविवारी सामने लावता येतील. सुई उद्याच आणतो. मात्र पंच कोणाला नेमावे? गावातला नेमला, तर तो कोणत्या ना कोणत्या वस्तीचा असणारच.