खोगिराच्या मोठ्या कातड्याला एकसारखा रंग कसा द्यायचा? पट्टे पडताय

राम राम मंडळी. शहाद्याकडचा आहे, वडिलांपासून खोगीर-लगामाची दुरुस्ती करतो. सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा दत्तजयंतीला, म्हणजे हातात जेमतेम तीन आठवडे, आणि एका गिऱ्हाइकाचं इंग्लिश खोगीर येऊन पडलंय, दोन्ही बाजूचे फ्लॅप (स्वाराच्या पायाखाली येणारे कातड्याचे पल्ले) गेलेले म्हणून नवे कापले. कातडं व्हेज टॅन (झाडाच्या सालीने कमावलेलं), साडेतीन एमएम, कोरं. लगाम, रिकिबीचे पट्टे आयुष्यभर रंगवले, कधी अडलं नाही, पण हा दीड फुटाचा तुकडा घेतला की बोळा फिरवला तिथं पट्टा उमटतो, तो झाकायला दुसरा हात मारला की पट्ट्यावर पट्टा. स्पिरिटचा डार्क ब्राऊन आहे. वर एक फ्लॅप पोटाकडच्या भागातून काढला (कंजुषी, दुसरं काय), तो काळपट आला न् पाठीचा लालसर. बुडवून रंगवावं तर तेवढा रंग परवडत नाही. काय करू?

प्रतिसाद:
भाऊ, रंग पातळ न करता थेट बाटलीतला लावताय ना? तिथंच चुकतंय. अर्धा रंग अर्धं थिनर करा. आधी ओल्या स्पंजने अख्खा तुकडा सारखा दमट करून घ्या म्हणजे पहिल्या टेकीलाच रंग पिऊन टाकत नाही. बोळा नको, लोकरीचा तुकडा घ्या, गोल गोल फिरवा, एक हात आडवा एक उभा, असे तीन-चार पातळ हात, मधे पूर्ण वाळू द्या. भर दुपारी पत्र्याखाली करू नका, स्पिरिट लावता लावता उडतं आणि जोड दिसतो. बिडी लांब ठेवा. तेल रंगानंतर, हलकं, मग रात्रभर तसंच राहू द्या, बराचसा फरक तेलच मिटवतं. शेवटी फडकं स्वच्छ निघेपर्यंत घासा, नाहीतर स्वाराची पांढरी पँट रंगेल.
पोटाचा तुकडा मात्र काढाच. तिथलं कातडं सैल असतं, रंग जास्त पितं आणि पुढे ताणतं पण.

धागाकर्ता:
पोटाचं पटलं, पाठीतूनच नवा कापतो, नुकसान माझं. थिनरचं कोणी सांगितलंच नव्हतं, आमच्याकडे बाटली उघडली की लावायला सुरुवात. उद्या सकाळी आधी कतरणीवर करून बघतो. पण जुनी सीट घामातेलाने पार काळी झालीये, तिला मॅच करायला ब्राऊनमधे काळा टाकू का, आणि किती?